समजत नाही, तेव्हा नेमके काय अडते?

एखादे वाक्य समजते, तेव्हा मेंदूत पाठोपाठ आणि बरेचदा एकाच वेळी कितीतरी कामे चाललेली असतात. कानावर पडलेल्या सलग आवाजातून ध्वनी वेगळे करायचे, त्यांतून शब्द ओळखायचा, त्याचा अर्थ स्मृतीतून वर काढायचा, कर्ता-कर्म-क्रियापदाचे नाते लावायचे, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात धरून ठेवायची आणि हे सगळे आधी ठाऊक असलेल्या गोष्टींशी जोडायचे. वाचताना यात अक्षरओळखीची भर पडते. हे सारे फार वेगाने होते. वाक्यात न बसणारा शब्द वाचणाऱ्यासमोर आला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतच, मेंदूच्या विद्युत लहरींत त्याची खूण उमटते, हे मार्टा कूटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी १९८० साली दाखवून दिले.

यांपैकी प्रत्येक काम प्रत्येकाला सारखे जमत नाही. एखाद्याचा कान तल्लख असतो, पण लांब वाक्य डोक्यात टिकत नाही. दुसऱ्याकडे शब्दांचा साठा भरपूर असतो, पण अक्षरे लावताना तो थकतो. तिसऱ्याला शब्दन् शब्द कळतो, पण बोलण्यातला गर्भित अर्थ सुटतो. घरात, वर्गात आणि दवाखान्यात मात्र या सगळ्या अडचणींवर बहुधा एकच उपाय केला जातो: तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने. त्याचा उपयोग झालाच तर ज्याला नीट ऐकू आले नव्हते त्याला होतो. बाकीच्यांसाठी आधी कोठे अडते आहे ते शोधावे लागते आणि तेवढेच बदलावे लागते.

मेंदूचा नकाशा सर्वांचा एक नाही

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत भाषेची दोन ठिकाणे दाखवलेली असतात: पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये बोलण्याशी जोडलेला डाव्या मेंदूचा पुढचा भाग, आणि कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये आकलनाशी जोडलेला त्याच्या मागचा भाग. ढोबळ चित्र म्हणून ते ठीक आहे. एका विशिष्ट माणसाच्या मेंदूबद्दल ते फारसे काही सांगत नाही. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असताना मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीजप्रवाह देऊन पाहतात. ज्या जागी प्रवाह दिल्यावर वस्तूचे नाव सांगता येत नाही, ती जागा भाषेसाठी महत्त्वाची मानून जपली जाते. जॉर्ज ओजेमन यांनी ११७ रुग्णांच्या अशा नोंदी १९८९ मध्ये प्रसिद्ध केल्या. या जागा बहुतेकांमध्ये एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या, लहान लहान होत्या, आणि त्या नेमक्या कोठे असतील ते रुग्णागणिक बरेच बदलत होते. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक पुस्तकातल्या नकाशावर विसंबत नाहीत, प्रत्येक रुग्णाचा नकाशा नव्याने काढतात.

भाषेचे काम डाव्या अर्धगोलातच चालते, हेही सरसकट खरे नाही. पक्क्या उजव्या हाताच्या लोकांत सुमारे ४ टक्क्यांमध्ये भाषेचा मुख्य भार उजवा अर्धगोल उचलतो. पक्क्या डावखुऱ्यांत हे प्रमाण सुमारे २७ टक्के आढळले आहे. यावरून डावखुऱ्या मुलाला भाषा कमी समजते, असा अर्थ काढणे चूक आहे. भार कोणत्याही बाजूने उचलला तरी आकलन तितकेच चांगले असू शकते. एव्हेलिना फेदोरेन्को यांच्या गटाने अभ्यासलेल्या एका स्त्रीच्या डाव्या मेंदूचा कानशिलाकडचा खंड बहुधा अगदी लहानपणापासूनच नव्हता. तिची भाषा उजव्या अर्धगोलाने सांभाळली होती आणि रोजच्या जगण्यात तिचे कोठेही अडत नव्हते.

एकच मातृभाषा असलेल्या धडधाकट माणसांतही फरक दिसतात. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ चुकलेली इंग्रजी वाक्ये मूळ इंग्रजीभाषकांना वाचायला दिली, तेव्हा काहींच्या मेंदूत ४०० मिलिसेकंदांच्या सुमारास अर्थ खटकल्याची लहर उठली, तर काहींच्या मेंदूत त्यानंतर, सुमारे ६०० मिलिसेकंदांना, रचना दुरुस्त करण्याची. डॅरेन टॅनर आणि जॅनेट व्हॅन हेल यांनी २०१४ मध्ये हे मांडले, तोवर सगळ्यांची सरासरी काढण्याच्या प्रथेत हा भेद झाकला गेला होता.

लांब वाक्य आणि धरून ठेवण्याची ताकद

वाक्य संपेपर्यंत त्याचे तुकडे मनात जिवंत ठेवावे लागतात. या कामचलाऊ स्मृतीची ताकद माणसागणिक बदलते. मेरिडिथ डेनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० मध्ये तिची एक साधी चाचणी तयार केली: पाठोपाठ वाक्ये वाचायची आणि शेवटी प्रत्येक वाक्यातला अखेरचा शब्द आठवून सांगायचा. ज्यांना जास्त शब्द आठवले, त्यांचे वाचनाचे आकलनही चांगले निघाले.

मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे हा भार चांगलाच जाणवतो. हे वाक्य पाहा: ‘आजीने शेजारणीने काल आणून दिलेल्या पेरूंच्या फोडी करून नातवाला दिल्या.’ व्याकरणात काही चूक नाही. पण ऐकणाऱ्याला ‘आजीने’ हा शब्द क्रियापदाविना हातात धरून बसावे लागते, तोच ‘शेजारणीने’ येऊन उभी राहते. दोघींनाही तोच ‘ने’ प्रत्यय. पेरू कोणी आणले आणि फोडी कोणी केल्या, याचा उलगडा पुढे व्हायचा असतो, आणि ज्याची धरून ठेवण्याची ताकद बेताची आहे त्याची इथेच गल्लत होते. तेच असे सांगता येते: ‘शेजारणीने काल पेरू आणून दिले. आजीने त्यांच्या फोडी केल्या आणि नातवाला दिल्या.’ मजकूर तेवढाच आहे. ओझे मात्र निम्म्यावर आले.

गणिताची शाब्दिक उदाहरणे, बँकेची पत्रे, सरकारी परिपत्रके आणि सोसायटीच्या नोटिसा यांत पहिल्या धाटणीची वाक्ये खच्चून भरलेली असतात. गणितात ‘कच्चा’ ठरलेल्या मुलाला तेच उदाहरण तीन लहान वाक्यांत मांडून द्यावे. ते सुटले, तर अडचण गणिताची नव्हती. तोंडी सूचनांचेही तसेच आहे. ‘दप्तर ठेव, हात धू, डबा बाहेर काढ आणि बाबांना फोन लाव’ या चार कामांतली दोनच करणारे मूल उद्धट असते असे नाही. एकेक काम सांगावे, किंवा चारही पाटीवर लिहून ठेवावीत.

विषय ओळखीचा असेल तर

कमकुवत वाचक सगळीकडेच कमकुवत असतो, हा समज डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ मधील प्रयोगाने ढिला केला. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या डावाचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात मागे असलेली पण बेसबॉलची जाण असलेली मुले, वाचनात पुढे असलेल्या पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. क्रिकेट न कळणाऱ्या माणसाला कसोटी सामन्याचे वार्तापत्र वाचायला दिले, तर याचा पडताळा येईल. शब्द साधे असले तरी फॉलोऑन दिल्यानंतर नेमके काय घडले, ते त्याला सांगता येणार नाही.

म्हणून नवा धडा उघडण्याआधी दहा मिनिटे त्या विषयावर नुसत्या गप्पा माराव्यात. बंदरावरचा धडा विदर्भातल्या वर्गात आणि कापूस वेचणीचा धडा कोकणातल्या वर्गात शिकवताना तर हे टाळूच नये. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठीतले शब्दच नवे असतात. विषय तरी ओळखीचा असला, तर शब्दांचा अंदाज बांधता येतो. पहिली-दुसरीत शिक्षकाने मुलाच्या घरच्या बोलीतले शंभर-दोनशे शब्द शिकून घेतले, तर त्याचा फायदा कोणत्याही साहित्यसंचापेक्षा मोठा होईल.

वाचता येण्याचा ऐकण्यावर परिणाम

साक्षरतेमुळे ऐकण्याची रीतही बदलते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. अलाहाबादमध्ये रमेश मिश्रा आणि फाल्क ह्यूटिग यांच्या गटाने केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. समोर काही चित्रे, कानावर हिंदी वाक्य, आणि नजर कोठे जाते ते टिपणारे यंत्र, अशी त्याची मांडणी होती. हिंदीत विशेषणाच्या रूपावरून पुढे येणाऱ्या नामाचे लिंग कळते, मराठीत ‘मोठा’, ‘मोठी’, ‘मोठं’ यांवरून कळते तसेच. भरपूर शिकलेल्यांची नजर नाम उच्चारले जाण्याआधीच योग्य चित्राकडे वळली. जेमतेम अक्षरओळख असलेल्यांची नजर नाम ऐकल्यावरच वळली. त्यांना वाक्य कळत होते. पुढचा शब्द आधीच ताडण्याची सवय तेवढी नव्हती. ती वाचनाने लागते.

वय वाढल्यावरही मेंदू बदलायला तयार असतो. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवल्यावर त्यांच्या मेंदूतल्या खोलवरच्या भागांचा दृष्टिकेंद्राशी असलेला ताळमेळ वाढल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले. ‘आता या वयात काय शिकणार’ हे बोलणे म्हणूनच सोडून द्यावे. निरक्षर किंवा कमी शिकलेल्या व्यक्तीशी बोलताना ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे नाव आधी घ्यावे, तपशील नंतर द्यावा, आणि मध्ये क्षणभर थांबावे. नव्याने वाचायला शिकणाऱ्यांना पडद्यावरच्या गाण्याखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवण्याची पद्धतही उपयोगी पडते. ब्रिज कोठारी यांनी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत १९९६ पासून तिचा पाठपुरावा केला. ओळखीचे गाणे असले की डोळे आपोआप शब्दांमागे धावतात.

मूल वाचते, पण समजत नाही

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: अक्षरे लावण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. गुणाकार असल्यामुळे कोणतीही एक बाजू शून्याजवळ गेली, की दुसरी कितीही भक्कम असून चालत नाही. कोणती बाजू कमी पडते, याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. मुलाच्या इयत्तेचा एक अनोळखी उतारा त्याला वाचायला द्यावा आणि काय कळले ते विचारावे. दुसऱ्या दिवशी तितकाच अवघड दुसरा उतारा मोठ्या माणसाने वाचून दाखवावा आणि तसेच प्रश्न विचारावेत. ऐकलेला उतारा छान कळतो आणि वाचलेला कळत नाही, तर अक्षरे लावण्यात अडते आहे. दोन्ही कळत नसतील, तर भाषेच्या आकलनाकडे आणि कानांकडे पाहावे लागेल. अक्षरे भराभर वाचून दाखवणारे पण अर्थ न सांगणारे मूल वर्गात सगळ्यात उशिरा लक्षात येते, कारण त्याचे वाचन ऐकायला चांगले वाटते.

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या २००२ मधील अभ्यासात अशा वेलांटीमुळे शब्द वाचायला जास्त वेळ लागल्याचे आढळले. ‘पर्वत’मधला रफार ‘व’च्या डोक्यावर असतो आणि कानाला त्याच्या आधी ऐकू येतो. घ-ध, भ-म, ब-व, थ-य ही अक्षरे दिसायलाही जवळची आहेत. जोडाक्षरांसह अशी सगळी अक्षरचिन्हे हातात यायला वेळ लागतो. सोनाली नाग यांच्या कन्नड शाळांतील अभ्यासानुसार हे शिकणे चौथी-पाचवीपर्यंत चालते, आणि कन्नडची अक्षररचना देवनागरीच्या जातीचीच आहे. त्यामुळे दुसरीतल्या मुलाने जोडाक्षरे चुकवली म्हणून घाबरू नये. तिसरी उलटून गेल्यावरही साधे शब्द अडखळत वाचणे, फळ्यावरचे उतरवताना अक्षरे गळणे आणि तोंडी उत्तर उत्तम पण लेखी कोरे, असे एकत्र दिसले तर मात्र थांबू नये.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कान तपासावेत. वारंवारच्या सर्दीनंतर मध्यकर्णात साठलेल्या पाण्याने ऐकणे मंदावते आणि वर्गात ते बेपर्वाईसारखे दिसते. त्यानंतर डोळे, आणि मग वाचा-भाषातज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही या कामातली मोठी सरकारी केंद्रे आहेत. वाचनदोष म्हणजे डिस्लेक्सिया तपासताना चाचणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हावी, असा आग्रह पालकांनी धरावा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने तयार झालेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. इंग्रजी चाचणीत नापास झालेले मराठी माध्यमाचे मूल डिस्लेक्सिक असेलच असे नाही. त्याला फक्त इंग्रजी येत नसेल.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला आहे, आणि महाराष्ट्राने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली होती. वाढीव वेळ आणि लेखनिक या त्यांपैकी मुख्य. प्रमाणपत्र ठरावीक सरकारी रुग्णालयांतून मिळते. त्यांची यादी शाळेकडून दहावीच्या बरीच आधी मागून घ्यावी, कारण तपासणीला रांगा असतात. वाचनदोषाइतकाच आढळणारा पण नावानेही अपरिचित असा दुसरा प्रकार म्हणजे विकासात्मक भाषादोष. यात ऐकलेली भाषाच पुरेशी उलगडत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत तो सुमारे ७ टक्के मुलांत आढळला. अशी मुले शांत, आज्ञाधारक आणि ‘हुशार नाही’ म्हणून मागे बसवलेली असतात.

काही मुलांना शब्दांमागचा हेतू पकडणे जड जाते. स्वमग्न मुलांत हे बरेचदा दिसते. ‘फार उकडतंय, नाही?’ असे म्हटल्यावर ते मूल ‘हो’ म्हणेल आणि बसून राहील. त्याला ‘पंखा लाव’ असे स्पष्ट सांगावे. ‘डोळ्यांसमोर चित्र आणा’ ही सूचनाही सर्वांना लागू पडत नाही. मनात चित्रे मुळीच न उमटणारी माणसे असतात; अ‍ॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला नाव दिले. त्यांना गोष्ट समजते, ती चित्राशिवाय समजते.

पैसे कोठे घालवू नयेत, तेही स्पष्ट सांगायला हवे. मुलांचे ‘बघून शिकणारे’ आणि ‘ऐकून शिकणारे’ असे गट पाडून त्याप्रमाणे शिकवल्यास जास्त समजते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढला. बोटांच्या ठशांवरून मेंदूची क्षमता सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांना तर शास्त्रीय आधारच नाही. तेवढ्या पैशांत श्रवणचाचणी होते आणि वर्षभराची गोष्टींची पुस्तकेही येतात.

दोन भाषांचे घर

उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या घरी ‘एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला’ असा सल्ला अजूनही दिला जातो. परदेशातल्या मराठी कुटुंबांना तो जास्तच ऐकावा लागतो. दोन भाषांमुळे भाषादोष उद्भवत नाही. खरा दोष असला तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. एकाच भाषेत अडत असेल तर बहुधा त्या भाषेचा सराव कमी असतो. पालकांनी स्वतःला सहज येणारी भाषा सोडून मोडक्या भाषेत बोलायला सुरुवात केली, तर मुलाच्या कानावर पडणारी भाषाच गरीब होते. म्हणून मराठी सोडू नये.

उतारवयातही अनेक भाषा उपकारक ठरत असाव्यात. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला, आणि निरक्षरांमध्येही तसेच दिसले. २०१३ चा हा अभ्यास निरीक्षणावर आधारलेला आहे आणि सगळ्याच देशांत तोच निष्कर्ष निघालेला नाही. तरी भाषा सोडण्याच्या बाजूने मात्र काहीच पुरावा नाही.

वयस्कर माणसे आणि दवाखाना

वय वाढते तसा शब्दसंग्रह टिकून राहतो, किंबहुना वाढतो. मंदावतो तो वेग. वरच्या पट्टीतले ध्वनी आधी जातात, त्यामुळे स, श, त, फ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ ही वृद्धांची तक्रार म्हणूनच अगदी अचूक असते. ओरडून बोलल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने तशीच हरवलेली राहतात. टीव्ही बंद करावा, समोर उजेडात बसावे, चेहरा दिसू द्यावा आणि दोन वाक्यांमध्ये थांबावे.

औषधे समजावून सांगताना ‘कळलं ना?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला ‘हो’ हेच उत्तर येते, कारण नाही म्हणायला संकोच वाटतो. ‘सकाळी उपाशीपोटी एक, रात्री जेवणानंतर अर्धी’ असे सांगून झाल्यावर ‘आजी, घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार ते मला सांगा बरं’ असे म्हणावे. आजी ‘उपाशीपोटी म्हणजे उपासाच्या दिवशी’ असे म्हणाल्या, तर घोटाळा तिथल्या तिथे दुरुस्त होतो. ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघतोय’ एवढे जोडले, तर परीक्षा घेतल्यासारखेही वाटत नाही.

पक्षाघातानंतर भाषा गेलेल्या माणसाच्या बाबतीत बोलणे आणि समजणे वेगवेगळे तपासावे लागते. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याला सगळे कळत असण्याची शक्यता असते, म्हणून त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलू नये. उलट काहीजण अस्खलित पण निरर्थक बोलतात आणि ऐकलेले त्यांना उलगडत नाही. त्यांच्याशी एका वेळी एकच विषय काढावा, हो-नाही स्वरूपाचे प्रश्न विचारावेत, वस्तू हातात घेऊन दाखवावी.

एक प्रसंग मात्र असा आहे, की ज्यात शोध घेत बसायला वेळ नसतो. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या माणसाला आज अचानक बोललेले समजेनासे झाले, किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला चक्रावला किंवा वेड लागले समजून झोपवून ठेवू नये. तोंड वाकडे नसले आणि हातपाय हलत असले, तरी तो पक्षाघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्यावे; रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येते.